दहावा बोल्ट

वादी कबीर, मस्कत. शेडखाली सत्तेचाळीस.
टो-ट्रकवरून उतरली क्रेसिडा,
बॉनेट सुतळीनं बांधलेलं.
मागोमाग खलफान म्हातारा, हातात टोपी:
कुरियातच्या चढाला काटा वर गेला,
विहिरीचं पाणी ओतलं,
मग धूर. पांढरा. गोड वासाचा.

मी डिपस्टिक ओढली.
ऑइल नव्हतंच ते, चहा होता,
साय धरलेला.
पुढचं कुणी कुणाला सांगायला नको होतं.

मुलगा फोनवर म्हणत होता, भंगारात द्या.
म्हातारा माझ्याकडे बघत होता.
मी म्हणालो, आवाज येत नाही,
आणि फोन त्याच्या टोपीत ठेवला.

शिरोलीच्या फाउंड्रीत सहा वर्षं मी ट्रॅक्टरची हेडं ओतली.
साच्यातून निघायची, ट्रकमध्ये चढायची,
पुढं त्यांचं काय होतं
कधी विचारलं नाही. पोरी दिल्यासारखं.
इथं येऊन कळलं:
खाली बीड, वर ॲल्युमिनियम,
दोघांचं तापणं वेगळं, फुगणं वेगळं,
आणि मधे पापडाएवढी गॅस्केट.
तिनं बघायचं
की पाणी पाण्याच्या वाटेनं जाईल,
तेल तेलाच्या,
आणि आग घरातच राहील.

मॅनिफोल्डच्या नटांनी दुपार खाल्ली.
चेन तारेनं वर बांधून ठेवली,
ती आत पडली की
माणूस आई आठवतो.
मग व्हॉल्व्ह-कव्हर उचललं
आणि काळ्या तेलाखाली, बोल्टांशेजारी,
पंचनं ठोकलेलं दिसलं
१
चिंधी फिरवली.
२. ३. मधून बाहेर, आडवे तिडवे,
आवळायच्या क्रमानं.

इलियासभाई, हे तुम्ही?
धामस्करांनी चष्मा कपाळावर चढवला.
मी इंग्रजी मारतो रे.
आणि ही गाडी इथं कधी आलीच नाही.
मग कोण? सोहारचा कुणी? सूरचा?
पाचाचं पोट आमच्या मास्तरांच्या पाचासारखं.
आठ बघून मी उगाच हसलो.

म्हातारा वाकला. बोट ठेवत वाचू लागला.
एकाला म्हणाला नऊ.
दोनाला दोन, तीनाला तीन,
चारापाशी अडला.
आमच्या आकड्यांना आम्ही हिंदी म्हणतो, म्हणाला,
मग हे कुठले?
मी म्हणालो, तेही तिकडचेच.
मग तुझे चुकलेत, म्हणाला,
आणि खजुराचा डबा पुढं केला.

हेडवर पट्टी धरली, पंधरा शतांशाचं पान
सरळ आत गेलं, अडखळलंसुद्धा नाही.
लेथवाला म्हणाला, आधी एकदा घासलंय कुणीतरी,
एवढ्या वेळी घेतो, पुढच्या वेळी आणू नका.
दोन दिवस ब्लॉकचं तोंड खरवडत बसलो,
जुनी गॅस्केट तिसऱ्या-चौथ्या सिलिंडरमधे
करपलेल्या भाकरीसारखी.

बोल्ट नवे. त्याच्या आकड्यांवरून आवळत गेलो.
मला क्रम पाठ आहे,
तरी त्याच्याच आकड्यांवरून.
पहिला फेरा, दुसरा, तिसऱ्याला पान्याची कट्
एकेका खांद्यातून उतरत.
नवाशेजारी ९.
दहाव्याशेजारी काहीच नाही.
कोरी धातू.

जेवायची हाक आली असेल.
पंच तुटला असेल.
व्हिसा, फोन, गावाकडची बातमी,
काहीही असेल. मी कारणं काढत बसलो नाही.
बोल्ट मात्र त्यानं आवळला होता, चांगला आवळला होता,
मीच सोडवताना पान्याला पाइप लावला होता.

सेल मारला. धूर आधी निळा, मग नाहीच.
रेडिएटरचं तोंड उघडं ठेवून
अर्धा तास बुडबुड्यांची वाट बघितली.
पाणी गप्प.

कव्हर बसवायच्या आधी
मी पंच घेतला होता, हलक्या हातोडीनं
त्या कोऱ्या जागेवर ठोकलं होतं
१०
म्हातारा तेव्हाही वाकला होता,
नऊ, मग त्याच्या हिशेबानं पाच.
पंच्याण्णव?
नको, म्हणाला, महाग पडतं,
मी एक्क्याण्णवच भरतो.